हॉलमध्ये आई घसरून पडली. बिलाचे पैसे मागू, पण दुखण्याचे कसे मागायचे?

आबोलीचा_वळेसर
२९ जून २०२५, रात्री १०:१२

नमस्कार. इथे मी वाचनमात्र. पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही डिचोलीचे. १५ जूनला मामाच्या साठीशांतीला फोंड्याजवळच्या एका हॉलमध्ये गेलो होतो. पाऊस मी म्हणत होता. पहिली पंगत उठली आणि आई हात धुवायला गेली. बेसिनं हॉलच्या मागच्या पडवीत आहेत आणि तिथेच दोन पायऱ्या खाली केटररची माणसं टोप घासत होती. पडवीला चकचकीत टाइल्स. खालचं साबणाचं पाणी कुणीतरी वरूनच वाहून नेत होतं, त्याचा ओघळ बेसिनपर्यंत आलेला. पाटी नाही, पायपुसणं नाही, धरायला काही नाही. आई उजव्या हातावर पडली. मी पोचले तेव्हा ती ओल्यातच बसली होती आणि डाव्या हाताने साडी सारखी करत होती. मनगट बघून मलाच चक्कर आली.

ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. आजवर १ लाख १२ हजार खर्च. मेडिक्लेम नाही.

चौथ्या दिवशी हॉलचा मॅनेजर सफरचंदं घेऊन आला. बोलायला चांगला. पाकिटात १० हजार आणि टाइप केलेला कागद: 'सदर रक्कम मिळाली असून माझी हॉलविरुद्ध कोणतीही तक्रार राहिलेली नाही.' मामा म्हणतो सही कर, ओळखीची माणसं आहेत, आपल्या शुभकार्याला गालबोट नको. आईसुद्धा तयार होती. मीच पाकीट परत पाठवलं.

बिलं दाखवता येतील. पण आई रात्री तीनला उठून बसते. वेणी मी घालते. ब्लाउजची हुकं मी लावते, आणि ते करताना ती माझ्याकडे बघत नाही. आदोळीवर (विळीवर) बसून नारळ खवणारी बाई मिक्सरमधलं खोबरं खाते आहे. ह्याचे पैसे मागता येतात का? मागणं बरं दिसतं का? आणि किती मागायचे?

आठवडी_बाजार
२९ जून, रात्री १०:२०

सही करू नका. बाकीचं जाणकार सांगतील.

खवट_खोबरं
२९ जून, रात्री १०:४४

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जूनच्या पावसात गोव्यात कोण घसरत नाही? आमच्या अंगणात चिऱ्यांवर शेवाळ धरतं, वर्षाला एक तरी पाहुणा आडवा होतो. म्हणून काय पाहुण्याने मला नोटीस पाठवायची? खर्च मागा, हक्काचा आहे. दुखण्याचे पैसे ही परदेशी फॅशन.

दुबईस्थित_डिचोलीकर
२९ जून, रात्री ११:०२

माझा मेव्हणा अमेरिकेत असतो. तिकडे सरळ हिशोब: दवाखान्याच्या बिलाची तिप्पट-चौपट वेदनेपोटी मागायची, विमा कंपनी घासाघीस करते आणि मिटतं. तुम्हीही ४ लाख टाका.

काळा_कोट
३० जून, सकाळी ७:५०

काल रात्रीच वाचलं होतं, कोर्टाची सुट्टी संपलेली असल्याने सकाळी लिहितो. वकिली मडगावात करतो. हा सल्ला म्हणून घेऊ नका, कागद बघितल्याशिवाय कुणी सल्ला देत असेल तर त्याचाही घेऊ नका.

डिचोलीकर, तिप्पट-चौपटीचा हिशोब तिकडचे विमावाले आणि वकील तडजोडीच्या बोलणीत वापरतात. इथे तो पर्वरीच्या ग्राहक आयोगात सांगितलात तर समोरचा वकील खूश होईल.

खवट काका, दुखण्याचे पैसे ही फॅशन नाही. मोटार अपघाताच्या दाव्यांत न्यायालयं दोन ढीग करतात. पहिल्यात बिलं, बुडालेली कमाई, पुढचा उपचार. दुसऱ्यात वेदना आणि यातना, आणि त्याला लागूनच पण वेगळं धरलेलं 'जगण्यातल्या सुखसोयी गमावणं'. वळेसर ताईंनी जे आदोळीचं लिहिलं ते ह्या शेवटच्या खणातलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ आणि २०१० च्या निवाड्यांत हे खण नीट आखून दिलेत. घसरून पडण्याच्या प्रकरणातही विचार करायची पद्धत तीच. फक्त आकड्याचं कोष्टक नाही. मोटार कायद्यात १९९४ साली एक परिशिष्ट आलं होतं, त्यात गंभीर दुखापतीच्या वेदनेला ५,००० रुपये ठरवले होते. त्यालाही लोक कंटाळले. उलट टोकाला, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायमचं पूर्ण अपंगत्व आलेल्या एका माणसाला निव्वळ वेदनेपोटी १५ लाख दिले. मनगटाचं हाड म्हणजे १५ लाख नव्हे, पण ५,००० ही नव्हे. मधे कुठे बसायचं हे तुमच्या कागदांवर ठरतं.

आता कुठे जायचं. दिवाणी दावा करता येतो, पण कोर्ट फी आहे आणि धीर लागतो. माझ्या मते ग्राहक आयोग. पैसे मामाने भरले म्हणून मामाच ग्राहक, असं हॉलवाला म्हणेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारा लाभार्थीही ग्राहक असतो. पंगतीचा पाहुणा त्यात बसतो असा आपला युक्तिवाद. मुदत दोन वर्षं. भाड्याची रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. तुम्ही किती भरपाई मागता ह्यावर फी ठरत नाही, सेवेसाठी किती मोजले ह्यावर ठरते.

फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात, म्हणजे हॉलच्या हिशोबाने मडगाव. पण नव्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते. डिचोलीहून पर्वरी जवळ. आईंना मडगावपर्यंत हेलपाटे नकोत.

हॉल आणि केटरर दोघांनाही पक्षकार करा. एकाला सोडलंत की दुसरा त्याच्याकडे बोट दाखवून मोकळा.

आणि आजच्या आज हॉलला पत्र: १५ जूनचं सीसीटीव्ही जपून ठेवा. स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. ही यंत्रं जुन्यावर नवीन चढवत जातात, कुठे पंधरा दिवस, कुठे महिना. तुमचे पंधरा दिवस आजच भरले.

मिरामार_वॉकर
३० जून, सकाळी ८:३१

पोर्तुगीज कायद्यात मुदत मोठी होती ना? आमचे आजोबा वीस वर्षांच्या गोष्टी करायचे.

काळा_कोट
३० जून, सकाळी ८:४०

आजोबांच्या काळी बरोबर. इथे पोर्तुगीज दिवाणी संहितेतली मुदत चालायची, त्यावर बरीच वर्षं घोळ होता. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात तो मिटवला आणि १९६३ चा मुदत कायदाच गोव्याला लावला. वारसाहक्कातही आता गोव्याचा वेगळा कायदा आहे, घसरण्यात तर जुनी संहिता नाहीच.

हाडांचा_माणूस
३० जून, दुपारी २:१५

ऑर्थोपेडिकमध्ये आहे. ताई, दोन गोष्टी.

मनगट बघून तुम्हाला चक्कर आली त्याला कारण आहे. आडव्या हातावर पडलं की हे हाड असं मोडतं की बाजूने हात जेवणाचा काटा पालथा ठेवल्यासारखा दिसतो. पन्नाशीनंतरच्या बायकांत फार बघतो. प्लेट बसली म्हणजे बरं झालं असं नातेवाईक समजतात. खरं दुखणं पुढे असतं: बोटं आखडतात, मूठ वळत नाही, किल्ली फिरवता येत नाही. फिजिओथेरपी चुकवू नका आणि प्रत्येक भेटीत मनगट किती अंश वळतं, पकड किती किलो येते, हे लिहून मागा. पकड मोजायचं छोटं यंत्र असतं. डाव्या हाताचाही आकडा घ्या, तुलनेशिवाय उजव्याला अर्थ नाही. अपंगत्वाचा टक्का उपचार संपल्याशिवाय विचारू नका, सहा महिने तरी जाऊ द्या.

दुसरं महत्त्वाचं. केसपेपर काढा आणि पहिल्या पानावर 'इतिहास' म्हणून काय लिहिलंय ते वाचा. आत्ता वाचा.

आबोलीचा_वळेसर
३० जून, संध्याकाळी ६:०५

वाचलं. हात थरथरतोय.

'घरी पाय घसरून पडल्या' असं लिहिलंय.

मावसभावाने गाडीतून नेलं होतं. त्याला विचारलं. म्हणाला, पोलीस केस झाली तर शांतीच्या दिवशी मामाच्या दारात पोलीस नकोत, म्हणून घरी पडली सांगितलं. भला माणूस आहे हो, रात्रभर थांबला होता दवाखान्यात.

हाडांचा_माणूस
३० जून, संध्याकाळी ६:३०

दर महिन्याला एक तरी असा भेटतो. घाबरू नका, पण खाडाखोड करून द्या असं डॉक्टरांना चुकूनही सांगू नका. खाडाखोड केलेला कागद चुकीच्या कागदापेक्षा वाईट. आईंच्या सहीने अर्ज द्या: अमुक दिवशी माहिती देणारा दुसरा होता, त्याने अमुक सांगितलं, प्रत्यक्षात अमुक ठिकाणी पडले. डॉक्टर पुढच्या भेटीच्या नोंदीत तारीख घालून 'रुग्ण आता असे सांगते' एवढं लिहितील. जुनं तसंच राहू दे. अर्जाची पोच घ्या. आणि भावाकडून त्याने काय सांगितलं आणि का, ह्याचं प्रतिज्ञापत्र.

काळा_कोट
३० जून, संध्याकाळी ७:१२

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. भाऊ लाजेल, पण त्यालाच लिहू द्या, त्याच्या शब्दांत. कारण खरं असेल तर ते ऐकणाऱ्याला पटतं. गोव्यात शुभकार्यात पोलीस नको म्हणून खोटं बोलणारा मावसभाऊ प्रत्येकाच्या घरी आहे, आयोगाच्या सदस्यांच्याही.

पोलिसांचं म्हणाल तर फ्रॅक्चर ही भारतीय न्याय संहितेत गंभीर दुखापत आहे आणि निष्काळजीपणाचं कलमही आहे. तक्रार करता येते. त्यातून तुम्हाला पैसे मिळत नाहीत.

खवट_खोबरं
३० जून, रात्री ९:५८

मी कालचं मागे घेतलेलं नाही, पण एक विचारतो. समोरचा हेच विचारणार. आईंच्या पायात काय होतं? हात धुवायला जाताना जेवलेल्या पानावरून उठून घाईत गेल्या का? मधुमेह, बीपी, चक्कर? चाळशी होती? ओघळ दिसत होता तर बाजूने का नाही गेल्या?

आबोलीचा_वळेसर
३० जून, रात्री १०:२५

काका, प्रश्न कडू आहेत पण बरोबर आहेत. रबरी तळाची चप्पल, ह्याच वर्षीची. चक्कर नाही. बीपीची गोळी आहे. ओघळ तिला दिसला नाही, कारण टाइल्स पांढऱ्या आणि पाणीही तसंच. बाजूने जायला जागाच नव्हती, बेसिनं भिंतीला लागून आहेत.

काळा_कोट
३० जून, रात्री १०:४१

चप्पल धुवू नका. कागदी पिशवीत घालून तारीख लिहा. तळाचे फोटो काढा. आणि जे काका म्हणतायत त्याला आमच्याकडे सहभागी निष्काळजीपणा म्हणतात: चूक थोडी तुमचीही ठरली तर तेवढा भाग भरपाईतून वजा.

काका तुमच्या अंगणाचा मुद्दा राहिला. तुम्ही पाहुण्याकडून भाडं घेत नाही. जो पैसे घेऊन शेकडो माणसं बोलावतो त्याच्याकडून जास्त काळजीची अपेक्षा असते. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात १९७२ साली एक जर्मन वैमानिक सूर मारताना डोकं आपटून लुळा झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ५० लाख मंजूर केले आणि असं म्हटलं की जितका दर मोठा तितकी काळजी मोठी. पण तो माणूस निकालाच्या आधीच वारला होता आणि अपिलात तेवढ्यावरून सगळं उलटलं. वेदनेचा दावा माणसाबरोबर जातो. म्हणून उशीर करू नका म्हणतो.

सोलां_खोबरें
१ जुलै, दुपारी १२:३०

आमचा अनुभव सांगते. सासूबाई एका दुकानात ओल्या फरशीवर पडल्या होत्या, खुब्याचं हाड. आम्ही १० लाख मागितले. का १० तर यजमानांना गोल आकडा बरा वाटला. बिलाचे सगळे मिळाले. शारीरिक व मानसिक त्रासापोटी २५ हजार. आदेशात एक वाक्य होतं, शब्द आठवत नाहीत पण अर्थ असा की तक्रारदाराने त्रास झाला म्हटलंय, कोणता ते दाखवलेलं नाही. सासूबाई सहा महिने संडासला बसू शकत नव्हत्या. दोन सुना धरून नेत होतो. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण आम्हालाच लिहायची लाज वाटली. वळेसर, आईंना रोज दोन ओळी लिहायला सांगा. आजपासून.

मिरामार_वॉकर
१ जुलै, दुपारी १२:४४

+१. अंगावर काटा आला.

दुबईस्थित_डिचोलीकर
१ जुलै, दुपारी १:१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

आबोलीचा_वळेसर
१ जुलै, रात्री ९:१५

आईला वही आणून दिली. म्हणाली, दुखणं काय लिहायचं, दुखतं ते दुखतं. वही देव्हाऱ्याजवळ ठेवून दिली. कोरी.

मामा आज घरी आला होता. पहिला तासभर फक्त चहा. मग म्हणाला, त्या हॉलच्या कमिटीत माझा व्याही आहे. मी म्हटलं, मामा, पावती तुझ्या नावाची आहे, तुझ्या सहीशिवाय आमचं घोडं अडतं. उठताना म्हणाला, तिने मला लहानपणी पाठुंगळी मारून शाळेत नेलंय. झेरॉक्स उद्या पाठवतो. बाकी काही बोलला नाही.

कवळे_ते_कुंडई
२ जुलै, सकाळी १०:०५

शांतीचा व्हिडिओ कुणी काढला होता? हॉलच्या सीसीटीव्हीची वाट बघू नका. व्हिडिओवाले पंगत झाली की मागच्या बाजूला कॅमेरा फिरवतात. बनवलेली कॅसेट, म्हणजे आताचा पेनड्राइव्ह नव्हे, कच्चं चित्रण मागा.

आबोलीचा_वळेसर
५ जुलै, रात्री ११:३०

कवळेकर, तुमच्या तोंडात साखर पडो. सापडलं. अकरा सेकंदं. आईच्या पडण्याचं नाही, त्याच्या बऱ्याच आधीचं. पंगतीला वाढणं चालू आहे आणि मागच्या दारातून केटररचा एक पोरगा पाण्याने भरलेला टब ओढत नेतो. टब टाइल्सवरून घासत जातो, दर हाताला पाणी हिंदकळतं आणि मागे रेघ राहते. एक म्हातारा माणूस भिंतीला धरून जाताना दिसतो. तो आमच्या आत्येचा दीर. फोन केला तर म्हणाला, मी पण घसरलो होतो गो, पण पडलो नाही म्हणून बोललो नाही.

काळा_कोट
६ जुलै, सकाळी ८:२०

व्वा. म्हणजे पाणी तिथे बराच वेळ होतं आणि आधी एकजण घसरला होता. 'अचानक सांडलं, पुसायला वेळ मिळाला नाही' हा बचाव गेला. मूळ कार्ड व्हिडिओवाल्याकडेच राहू द्या. प्रतीबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, प्रत मूळ चित्रणाचीच आहे असं सांगणारं. पूर्वी ६५ ब म्हणायचो. आत्येच्या दिरांचं प्रतिज्ञापत्र.

बाहेरचा वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही. मदतीचा फोन क्रमांक १५१००.

आबोलीचा_वळेसर
१ सप्टेंबर, रात्री १०:५०

बरेच दिवस आले नाही. चवथ (गणेशचतुर्थी) झाली. नोटीस पाठवली आहे.

एक सांगायचं होतं. चवथीच्या आधी घर आवरताना स्वयंपाकघरातली दिनदर्शिका उलटली. आई तिच्यावर दुधाचा आणि गॅसचा हिशोब लिहिते, तीस वर्षं. जूनचं पान बघितलं. १९ तारखेच्या चौकोनात 'दूध १ लि. रात्र जागी.' २२ ला 'नारळ ६ आणले. वेणी पोरीने.' जुलैत 'फिजिओ. रडू आले, तिथे नाही, रिक्षात.' अक्षर ओळखूच येईना. पहिलीतल्या मुलासारखं, चौकोनाबाहेर जाणारं. मग लक्षात आलं, डाव्या हाताने लिहिलंय.

मग चवथीच्या दिवशी, २७ ऑगस्टला (नेवऱ्या म्हणजे करंज्या): 'नेवऱ्यांची मुरड जमत नाही. वहिनींनी घातली. मी लाटून दिल्या, तेही जाड.'

देव्हाऱ्याजवळची वही अजून कोरीच आहे.

सोलां_खोबरें
१ सप्टेंबर, रात्री ११:०४

ते कॅलेंडर कपाटात ठेवा आणि किल्ली स्वतःकडे.

काळा_कोट
२ सप्टेंबर, सकाळी ७:३५

वहीपेक्षा हे शंभर पट चांगलं. वही केससाठी लिहिली असं समोरचा म्हणाला असता. दुधाच्या हिशोबाच्या मधे कुणी खोटं रडू लिहीत नाही. पानं फाडू नका, आख्खी दिनदर्शिका ठेवा. डिसेंबरपर्यंत आईंना त्याबद्दल काही बोलूही नका, लिहायच्या थांबतील.

मिरामार_वॉकर
१८ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

थोडं अवांतर. परवा पणजीत खोदलेल्या फुटपाथवर माझाच पाय मुरगळला. उच्च न्यायालयाने खड्ड्यांसाठी भरपाई ठरवली असं वाचलं. ग्राहक आयोगात जाऊ का?

काळा_कोट
१८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

फुटपाथसाठी तुम्ही पैसे मोजत नाही, कर भरता. कर म्हणजे सेवेचा मोबदला नव्हे, तेव्हा ग्राहक नाही. ह्याच महिन्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश खड्डे आणि उघड्या मॅनहोलसाठी आहे: मृत्यूला ६ लाख, दुखापतीला ५० हजार ते अडीच लाख. पण ते प्रकरण महाराष्ट्रातल्या यंत्रणांचं आहे. पालिकेविरुद्धचं दिवाणी काम अवघड असतं. राजकोटला झाड अंगावर पडून एक माणूस गेला होता, तरी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरलं नाही. पायाला बर्फ लावा, नवा धागा काढा.

खवट_खोबरं
१८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३२

आणि देवळाच्या तळीवर घसरलो तर देवाला नोटीस?

आबोलीचा_वळेसर
९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

हॉलचं उत्तर आलं. एका पानात सगळं: आमचा संबंध नाही, केटरर स्वतंत्र. 'सावधान, फरशी ओली आहे' ही पाटी कायम असते. आणि आमच्याच केसपेपरात त्या घरी पडल्या असं आहे. तो कागद त्यांना कुठून मिळाला देव जाणे.

पर्वरीला तक्रार दाखल केली. आता सगळं ई-जागृती ह्या ऑनलाइन पोर्टलवरून होतं, वकीलबाईंनी बसून भरून दिलं. (हो, विधी सेवातून मिळाल्या. तरुण आहेत, आईला आवडल्या.) बिलं आणि फिजिओ मिळून १ लाख ३४ हजार, वेदना आणि त्रासापोटी ३ लाख, खर्च वेगळा. ३ लाख कसे, तर वकीलबाईंनी तक्रारीत पाच परिच्छेद फक्त आईच्या हातावर लिहिलेत. कशासाठी काय ते मांडून. डावीची पकड १९ किलो, उजवीची ७.

काळा_कोट
९ नोव्हेंबर, रात्री १०:१०

उत्तराला त्यांना नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. हॉलची सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी (तिथे कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा) आहे का विचारा. बहुतेक असते, आणि असली की माणसं एकदम मऊ होतात.

आबोलीचा_वळेसर
१४ मार्च २०२६, रात्री ८:२५

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना कळवायला हवं म्हणून धागा वर काढते.

पॉलिसी होती. जानेवारीत त्यांचं उत्तर आलं, पाटीचा फोटोही जोडला. वकीलबाईंनी तो मोठा करून बघितला तर पाटीशेजारी भिंतीवर नव्या वर्षाची दिनदर्शिका. मग आयोगाने विचारलं, मध्यस्थीला तयार आहात का. दोघांनी हो म्हटलं.

खोलीत आम्ही, वकीलबाई, हॉलचा मॅनेजर, त्यांचे वकील, विमा कंपनीचा एक मुलगा. केटरर आलाच नाही. समोरच्या वकिलांनी दिनदर्शिका हातात घेतली. पानं उलटत होते. जुलैच्या पानावर थांबले आणि म्हणाले, हे अक्षर कुणाचं? लहान मुलाचं दिसतंय. आई म्हणाली, माझंच. डाव्या हाताचं. मग त्यांनी ऑक्टोबर उघडला. तिथे ती पुन्हा उजव्याने लिहायला लागली होती, पहिल्या आठवड्यात एकेक शब्द, मग ओळ. त्यांनी दोन्ही पानं शेजारी धरली, विमावाल्या मुलाला दाखवली. केसपेपरचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

बिलाचे पूर्ण १ लाख ३४ हजार. त्रासापोटी १ लाख १० हजार. खर्चाचे १० हजार. मला कमी वाटले. वकीलबाई म्हणाल्या, लढलो तर कदाचित जास्त, कदाचित त्याहून कमी, आणि नंतर अपील. आईला विचारलं. तिने मॅनेजरलाच विचारलं, बेसिनांकडे आता काय केलंय? तो म्हणाला, रबरी चटया घातल्या. आई म्हणाली, चटई भिजून सरकते, भिंतीला दांडा लावा. ते कलम तडजोडीत लिहून घेतलं: पंचेचाळीस दिवसांत दांडा, आणि भांडी घासायला वेगळी मोरी.

खवट_खोबरं
१४ मार्च, रात्री ८:५०

दांडा लावला का?

आबोलीचा_वळेसर
१४ मार्च, रात्री ८:५८

मुदत संपायची आहे. मामाचा व्याही फोटो पाठवणार आहे.

हाडांचा_माणूस
१४ मार्च, रात्री ९:२०

छान. प्लेट टोचत नसेल तर काढायची घाई करू नका. पकड किती झाली?

आबोलीचा_वळेसर
१४ मार्च, रात्री ९:३१

१३ किलो. पौषात धालोला (बायकांच्या नाच-गाण्यांना) गेली होती, फुगडी नाही घातली, टाळ्या वाजवल्या. गेल्या सोमवारी आदोळी काढली. अर्धी कवड (नारळाची वाटी) खवली आणि उरलेली माझ्याकडे सरकवली. दिनदर्शिकेवर त्या दिवशी फक्त 'दूध अर्धा लि.' एवढंच आहे.